मेंदूतील गाठींवरील किरणशस्त्रक्रिया : लाभ, मर्यादा व धोके

घरातील कोणास अचानक आकडी येते, कोणाचे मस्तक महिनोन्‌महिने दुखत राहते, कोणास एका कानाने ऐकू येईनासे होते. निपाणी, बेळगाव अथवा कोल्हापूर येथे एमआरआय केला जातो आणि अहवालात 'ब्रेन लिजन' असे दोन शब्द येतात. त्या दिवसापासून त्या घरातील झोप उडते. नातलग, शेजारी व परिचित यांचे सल्ले सुरू होतात. त्यांतील एक सल्ला हल्ली वारंवार ऐकू येतो : "मुंबईला न्या. तिथे डोके न उघडता गामा नाइफने गाठ काढतात."

हा सल्ला सद्भावनेने दिलेला असतो, परंतु त्यातील 'काढतात' हे क्रियापद चुकीचे आहे. किरणशस्त्रक्रियेत गाठ काढली जात नाही. ती जेथे आहे तेथेच राहते. किरणांच्या योगे तिची वाढ थांबवण्याचा अथवा ती हळूहळू निष्प्राण करण्याचा प्रयत्न केला जातो. हा एक भेद ज्याच्या ध्यानात आला, त्यास या उपचाराचे बहुतेक लाभ आणि बहुतेक धोके समजण्यास वेळ लागत नाही. आपल्या परिसरातील कुटुंबांना निर्णय घेताना साहाय्य व्हावे, या हेतूने सदर माहिती येथे देत आहोत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यास पर्याय नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारावे, हे कळावे एवढाच तिचा उद्देश आहे.

'लिजन' म्हणजे नेहमीच ट्यूमर नव्हे

वैद्यकीय भाषेत 'लिजन' म्हणजे चित्रात दिसलेला कोणताही विकृत भाग. तो कर्करोगाची गाठ असू शकतो, साधी गाठ असू शकतो, रक्तवाहिन्यांचा गुंता असू शकतो, जुनी इजा असू शकते किंवा संसर्गही असू शकतो. आपल्या देशात हा शेवटचा पर्याय विशेष महत्त्वाचा आहे. आकडी आलेल्या तरुण रुग्णाच्या स्कॅनमध्ये कडेने उजळलेले छोटे वर्तुळ दिसले, तर ते पुष्कळदा फीतकृमीच्या अळीचे कोष्ठ असते किंवा क्षयरोगाची गाठ, म्हणजे ट्यूबरक्युलोमा असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. वेदांतम् राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एकट्या लहान गाठींचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांतील बऱ्याच गाठी काही महिन्यांत आपोआप अथवा औषधाने विरघळतात, हे त्यातून स्पष्ट झाले. तोपर्यंत अशा गाठी ट्यूमर किंवा क्षय समजून त्यांवर उपचार होत असत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. "आमच्या घरात मांस शिजत नाही, मग हा जंत कोठून आला?" असा प्रश्न अनेक शाकाहारी कुटुंबे विचारतात. मेंदूतील हा आजार डुकराच्या मांसातून थेट होत नाही. जंत बाधलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी दूषित पाणी, न धुतलेली कच्ची भाजी किंवा अस्वच्छ हात यांवाटे पोटात गेल्याने तो होतो. कोथिंबीर, मुळा, काकडी या वस्तू तर उपासतापास करणाऱ्या घरांतही कच्च्याच खाल्ल्या जातात.

जंताच्या कोष्ठावर अथवा क्षयाच्या गाठीवर किरणशस्त्रक्रिया करणे हा उपचार नव्हे. तेथे गोळ्यांची आवश्यकता असते. क्षयाच्या गाठीसाठी तर औषधे अनेक महिने, बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात. म्हणून पहिला प्रश्न "गामा नाइफ कोठे मिळेल?" हा नसून "ही गाठ नेमकी कशाची आहे आणि ते कशावरून ठरवले?" हा असावा. काही वेळा त्याचे उत्तर केवळ चित्रावरून मिळत नाही आणि सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. त्यास घाबरून थेट किरणांकडे धावणे हिताचे नाही.

ही पद्धती कशी उदयास आली

स्वीडनमधील मेंदूशल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना प्रथम मांडली व तिला 'रेडिओसर्जरी' हे नाव दिले. कवटी न उघडता, अनेक दिशांनी सोडलेले बारीक किरण मेंदूतील एकाच बिंदूवर एकवटता येतील, असा त्यांचा विचार होता. भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्या साहाय्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोम येथे पहिले गामा यंत्र उभे राहिले. या यंत्रात सुरी नाही, पाते नाही. 'नाइफ' हा शब्द केवळ अचूकतेचा निदर्शक आहे.

यंत्राचे तत्त्व आपल्या भागातील वाचकास सहज समजेल. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते आणि पंचगंगा होते. एकेका नदीत ते बळ नसते. ते संगमापाशी येते. गामा नाइफमध्ये कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे सुमारे दोनशे स्रोत असतात. जुन्या यंत्रांत ते २०१ असत, २००६ नंतरच्या यंत्रांत १९२ असतात. प्रत्येक स्रोताचा किरण इतका क्षीण असतो की, वाटेतील मेंदूस त्याचा फारसा त्रास होत नाही. सर्व किरण जेथे मिळतात, तेथे मात्र एकाच बैठकीत प्रचंड मात्रा पोहोचते. मिलनबिंदूपासून काही मिलिमीटर दूर गेले की ती झपाट्याने उतरते.

हेच कार्य कोबाल्टशिवायही करता येते. 'लिनिअर ॲक्सिलरेटर' हे कर्करोग रुग्णालयांतील नेहमीचे यंत्र विजेपासून क्षकिरण निर्माण करते. त्यास योग्य उपकरणांची जोड दिल्यास त्यावरही किरणशस्त्रक्रिया होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जॉन ॲडलर यांनी विकसित केलेले 'सायबरनाइफ' हे यंत्रमानवाच्या हातावर बसवलेले लहान ॲक्सिलरेटरच होय. कोणते यंत्र श्रेष्ठ, यावर जाहिराती फार भांडतात. आमच्या मते रुग्णाने या वादात पडू नये. योग्य निदान, अनुभवी चमू आणि काटेकोर मोजमाप असेल, तर बहुतेक गाठींमध्ये यंत्राच्या नावाने मोठा फरक पडत नाही.

भारतात गामा नाइफ १९९७ मध्ये आले. मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या दोन्ही ठिकाणी त्याच वर्षी ते सुरू झाले. मेंदूच्या उपचारासाठी मुंबईकडे पाहण्याची आपल्या भागाची सवय मात्र त्याहून जुनी आहे. मुंबईतील मेंदूशल्यचिकित्सकांच्या पहिल्या पिढीतील डॉ. राम गिंडे हे बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलच्या गिंडे घराण्यातले. सुप्रसिद्ध गायक पंडित के. जी. गिंडे हे त्यांचे बंधू.

उपचाराचा दिवस

उपचाराच्या दिवशी सकाळी कपाळावर व मागे मिळून चार ठिकाणी भूल देऊन डोक्यास धातूची चौकट घट्ट बसवतात. तिच्या आधारे गाठीचे स्थान मिलिमीटरच्या आत निश्चित होते. ज्यांना चौकट नको, त्यांच्यासाठी काही नव्या यंत्रांत चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा वापरला जातो. त्यानंतर एमआरआय होतो आणि शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ व भौतिकतज्ज्ञ असे तिघे मिळून संगणकावर आराखडा करतात. प्रत्यक्ष किरण देण्यास अर्ध्या तासापासून काही तास लागतात. रुग्ण जागा असतो. वेदना होत नाही. डोक्याचे केस काढावे लागत नाहीत. पुष्कळ रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी परततात.

घरी आलेल्या रुग्णाच्या अंगात किरण शिल्लक राहत नाहीत. नातवंडांना जवळ घेण्यास, स्वयंपाकघरात वावरण्यास अथवा पंक्तीत बसण्यास कोणतीही हरकत नाही. या कारणास्तव रुग्णास घरात वेगळे बसवणे हा निव्वळ अज्ञानाचा भाग आहे.

तंबाखूचा प्रदेश आणि मेंदूत पसरलेला कर्करोग

किरणशस्त्रक्रियेचा जगभर सर्वाधिक उपयोग शरीरात अन्यत्र उद्भवून मेंदूत पसरलेल्या कर्करोगासाठी होतो. मेंदूत सर्वांत जास्त पसरतो तो फुप्फुसाचा कर्करोग, त्याखालोखाल स्तनाचा. हा विषय निपाणी परिसरात परका मानता येणार नाही. येथील वखारींतील तंबाखू आणि घरोघरी वळलेल्या विड्या यांवर या गावाच्या कित्येक पिढ्या पोसल्या. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, ती आठवण आजही ताजी आहे. ज्या पिकाच्या भावासाठी माणसे मेली, त्याच पिकाच्या धुराने आणखी किती गेली, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा समज चुकीचा आहे. ती विझू नये म्हणून जोरात ओढावी लागते आणि धूर खोलवर जातो.

फुप्फुसाच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी खोकला नसून आकडी किंवा एका बाजूचा हात लुळा पडणे ही असते. पूर्वी अशा रुग्णाच्या संपूर्ण मेंदूस दोन-तीन आठवडे किरण दिले जात. गाठी त्याने दबत, परंतु विसरभोळेपणा, सुस्ती व मंदपणा मागे राहत. रुग्ण जिवंत असे, पण घरच्यांना तो पूर्वीचा वाटत नसे. गाठी थोड्या असताना केवळ त्यांवरच किरण दिल्यास काय होते, याची तुलना अमेरिकेत २१३ रुग्णांमध्ये करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी बुद्धीच्या चाचण्यांत घसरण आढळलेल्यांचे प्रमाण केवळ किरणशस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे ६४ टक्के होते. जोडीला संपूर्ण मेंदूस किरण दिलेल्यांत ते सुमारे ९२ टक्के होते. दोन्ही गटांच्या आयुर्मानात अर्थपूर्ण फरक दिसला नाही. जपानमधील १,१९४ रुग्णांच्या अभ्यासात (२०१४) असेही आढळले की, पाच ते दहा गाठी असलेल्या रुग्णांचे आयुर्मान दोन ते चार गाठी असलेल्यांपेक्षा कमी नव्हते. त्यामुळे "गाठी तीनपेक्षा जास्त, आता उपयोग नाही" हा जुना नियम आज तसाच राहिलेला नाही.

या लाभाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किरण फक्त दिसणाऱ्या गाठींवर दिले जातात. न दिसणारे कण तसेच राहतात. म्हणून मेंदूत अन्यत्र नवीन गाठ येण्याची शक्यता अधिक असते आणि दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय अटळ ठरतो. ज्या कुटुंबास तो परवडणार नाही किंवा ज्याला पुन्हा येणे शक्य नाही, त्याने हे आधीच डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. काही कर्करोगांत, उदाहरणार्थ फुप्फुसाच्या 'स्मॉल सेल' प्रकारात, आजही संपूर्ण मेंदूचे किरण अनेकदा योग्य ठरतात. शिवाय शरीरातील मूळ आजार आटोक्यात नसेल, तर मेंदूतील गाठ दाबून मिळणारा लाभ अल्पकालीन राहतो. असे सांगणारा डॉक्टर निर्दय नसतो, प्रामाणिक असतो.

साध्या गाठी व रक्तवाहिन्यांचे गुंते

श्रवणमज्जातंतूवरील गाठ हे या उपचाराचे सर्वपरिचित क्षेत्र आहे. ही गाठ कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते. किरणशस्त्रक्रियेने नऊदशांशांहून अधिक रुग्णांत तिची वाढ थांबते, आणि उघड्या शस्त्रक्रियेत चेहरा वाकडा होण्याचा जो धोका असतो, तो येथे फारच कमी असतो. ऐकू येणे मात्र पुढील वर्षांत बहुतेकांचे कमी होत जाते. गाठ लहान असेल, तर काहीच न करता केवळ लक्ष ठेवणे हाही सन्माननीय मार्ग आहे. नॉर्वेतील १०० रुग्णांची २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना पाहावी. तत्काळ किरण दिलेल्यांची गाठ चार वर्षांत आकसली, पण ऐकणे, तोल व दैनंदिन जीवन यांत दोन्ही गटांत बहुतांशी फरक पडला नाही.

मेंदूच्या आवरणावरील मेनिन्जिओमा तळाशी, शस्त्रक्रियेस अवघड जागी असेल, तर किरण उपयोगी पडतात. पिट्युटरी ग्रंथीची शस्त्रक्रियेनंतर उरलेली गाठही अशा प्रकारे आवरता येते. मात्र काही वर्षांनी संप्रेरके कमी पडू शकतात व आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागू शकतात. दृष्टीचा मज्जातंतू किरणांस फार हळवा असतो. गाठ त्यास चिकटलेली असेल, तर एका बैठकीत किरण देणे टाळावे लागते. चेहऱ्यात विजेसारखी कळ उठणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियावरही हा उपचार होतो. तेथे गाठ नसून मज्जातंतूच लक्ष्य असतो आणि गालास बधिरपणा येणे ही त्याची किंमत असू शकते.

रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता, म्हणजे एव्हीएम, हा प्रकार सर्वांत विचार करायला लावणारा आहे. तीन सेंटिमीटरहून लहान गुंता किरणांनी दहांपैकी सात-आठ रुग्णांत पूर्ण बंद होतो. परंतु त्यास दोन ते तीन वर्षे लागतात. धमनीची भिंत आतून हळूहळू जाड होत जाते व अखेर वाट बंद होते. तोवर रक्तस्राव होण्याचा वर्षाला सुमारे दोन ते चार टक्क्यांचा धोका जवळपास तसाच राहतो. "गामा नाइफ झाले, आता निर्धास्त" ही समजूत येथे प्राणघातक ठरू शकते. ज्या गुंत्यातून कधीच रक्त आलेले नाही, त्यास हात लावावा की नाही, यावर अद्याप मतभेद आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अरुबा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत हस्तक्षेप केलेल्या गटात पक्षाघात अथवा मृत्यू केवळ औषधोपचाराच्या गटाच्या तिप्पट आढळले. त्या गटात शस्त्रक्रिया, नलिकेद्वारे उपचार व किरण असे सर्व प्रकार एकत्र होते आणि पाहणीचा काळ अल्प होता, हे आक्षेप रास्त आहेत. तरीही डोकेदुखीसाठी केलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने गुंता दिसला, तर घाई न करता दोन ठिकाणी मत घ्यावे, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

जेथे हा मार्ग नव्हे

तीन-साडेतीन सेंटिमीटरहून मोठी गाठ एका बैठकीच्या किरणांस सहसा योग्य नसते, कारण गाठ जितकी मोठी, तितका तिच्या कडेच्या निरोगी मेंदूस प्रसाद अधिक मिळतो. अशा वेळी मात्रा तीन ते पाच बैठकांत विभागतात किंवा आधी शस्त्रक्रिया करतात. गाठीच्या दाबाने रुग्ण गुंगीत जात असेल, उलट्या होत असतील, दृष्टी मंदावत असेल, तर किरणांची वाट पाहत बसणे सर्वस्वी अयोग्य आहे. किरणांचा परिणाम आठवड्यांनी वा महिन्यांनी होतो. दाब आजच कमी व्हायला हवा असतो. मेंदूतच उद्भवणारा व मुळांसारखा पसरणारा ग्लायोमा हाही या उपचारास दाद देत नाही, कारण त्याला स्पष्ट कड नसते. त्यावर नेहमीच्या किरणोपचाराआधी किरणशस्त्रक्रियेची भर घालून पाहण्यात आली. आयुष्य वाढले नाही, असे २००४ मध्ये जाहीर झाले.

धोक्यांविषयी स्पष्टपणे

काही जाहिरातींत या उपचारास "बिनटाक्याचे, बिनधोक ऑपरेशन" म्हटलेले आढळते. पहिला शब्द खरा आहे, दुसरा नाही.

तात्कालिक त्रास किरकोळ असतात : चौकटीच्या खिळ्यांच्या जागी दुखणे, डोके जड होणे, मळमळ, क्वचित आकडी. खरा धोका उशिरा येतो. उपचारानंतर काही महिन्यांनी गाठीभोवती सूज येऊ शकते किंवा किरणांनी मेलेल्या ऊतींचा गोळा तयार होऊ शकतो. त्यास 'रेडिएशन नेक्रोसिस' म्हणतात. पसरलेल्या कर्करोगाच्या उपचारात शंभरांतील पाच ते दहा रुग्णांत तो आढळतो. गाठ मोठी असल्यास किंवा त्याच जागी पूर्वी किरण झाले असल्यास अधिक. त्रास तोच : डोकेदुखी, अशक्तपणा, बोलण्यात अडखळणे. आणि एमआरआयमध्ये तो गोळा कर्करोग परतल्यासारखाच दिसतो! येथे अनुभवी डॉक्टरची कसोटी लागते. श्रवणमज्जातंतूची गाठसुद्धा पहिल्या वर्षी फुगलेली दिसते आणि नंतर आकसते. ते पाहून घाबरून शस्त्रक्रियेस धावल्याने नाहक हानी होऊ शकते.

किरणांनीच नवा कर्करोग होईल का, हा प्रश्न तरुण रुग्णांचे आईवडील हमखास विचारतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जवळपास पाच हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत असा धोका अत्यल्प, सर्वसामान्य लोकांत आढळणाऱ्या प्रमाणाच्या आसपासच दिसला. शून्य म्हणता येणार नाही, परंतु केवळ या भीतीने आवश्यक उपचार नाकारू नये.

एक धोका रुग्णास कधीच सांगितला जात नाही. तो मोजमापातील चुकीचा. फ्रान्समधील तूलूझ येथे २००६–०७ मध्ये किरणशस्त्रक्रियेच्या यंत्राची मात्रा मोजताना अशा बारीक किरणांसाठी अयोग्य, मोठ्या आकाराचे मापक वापरले गेले. परिणामी १४५ रुग्णांना ठरल्यापेक्षा अधिक किरण मिळाले. यंत्र नवे होते, डॉक्टर निष्णात होते. चूक मापकाच्या आकारात होती. नेहमीच्या किरणोपचारात मात्रा अनेक दिवसांत विभागलेली असल्याने चूक लक्षात आल्यावर सुधारण्यास वाव असतो. एका बैठकीत तो नसतो. म्हणून रुग्णालयात पूर्णवेळ वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ आहे का आणि यंत्रास मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. १९८३ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ देशातील सर्व किरणोपचार केंद्रांवर देखरेख ठेवते. तसेच, "असे किती रुग्ण आपण दर महिन्यास करता?" हाही उद्धट प्रश्न नव्हे.

सीमाभागातील रुग्णाने कोठे जावे

निपाणी महामार्गावर आहे. तेथून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, बेळगाव सुमारे पंचाहत्तर. निदान, प्रथमोपचार व उघडी शस्त्रक्रिया यांसाठी आता दूर जाण्याची गरज बहुधा पडत नाही. बेळगावात केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, शासकीय बिम्स आहे. कोल्हापूरकडे कणेरीच्या सिद्धगिरी रुग्णालयात मेंदूशल्यविभाग आहे. केएलईच्या स्वतंत्र कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. ॲक्सिलरेटर असलेल्या कोणत्याही केंद्रात मेंदूची किरणशस्त्रक्रिया होतेच असे नाही. ती तेथे नियमित होते का, हे प्रथम विचारावे. गामा नाइफच हवे असे ठरल्यास मुंबई अथवा बेंगळुरूचे निम्हान्स यांचा विचार करावा लागतो, आणि बेळगावहून दोन्ही शहरे जवळपास सारखीच दूर, सुमारे पाचशे किलोमीटर आहेत. निघण्यापूर्वी यंत्र चालू आहे का, याची दूरध्वनीवर खात्री करावी. कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. स्रोत जुने झाले की त्याच मात्रेसाठी दुप्पट वेळ पडून राहावे लागते, आणि ते बदलण्याच्या काळात यंत्र बंद असते.

खर्चाचा प्रश्न येथे अधिकच बिकट होतो. कर्नाटकातील पात्र कुटुंबांसाठी आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. तिच्याखाली मोठ्या उपचारांसाठी सामान्यतः शासकीय रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. आधी खासगी रुग्णालयात दाखल होऊन मग पत्रासाठी धावाधाव करणारे नातलग आपण पाहतोच. क्रम उलटा ठेवावा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांस लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक शासनाने त्यास आक्षेप घेतला. या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. आजारी माणसास सीमा नसते, पण शिधापत्रिकेस असते. म्हणून दोन्ही योजनांच्या आरोग्यमित्रांकडे जाऊन 'रेडिओसर्जरी' हे नाव मंजूर उपचारांत आहे का आणि आपले रुग्णालय त्या यादीत आहे का, हे लेखी पाहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर शेत गहाण टाकू नये.

औषधे व उपवास

भाविक कुटुंबांना येथे एक नम्र विनंती. आकडी थांबवणाऱ्या गोळ्या कोणत्याही कारणाने चुकवू नयेत. एकादशी, संकष्टी अथवा श्रावणी सोमवारी "आज उपवास, गोळी उद्या" असे केल्याने रुग्णास पुन्हा आकडी येऊ शकते. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या औषधाने व्रत मोडत नाही, असे घरातील वडीलधाऱ्यांनीच सांगावे. रुग्ण त्यांचेच ऐकतो. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथासोन रिकाम्या पोटी घेऊ नये व आपल्या मनाने एकदम बंद करू नये. त्याने रक्तातील साखर वाढते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी ती वरचेवर तपासावी. अंगारा लावण्यास, नवस बोलण्यास कोणी डॉक्टर अडवत नाही. मात्र "आधी नवस, मग दवाखाना" या क्रमात गेलेले महिने परत मिळत नाहीत. गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने ते आधी सांगितलेच पाहिजे. लाजेपोटी ही गोष्ट राहून जाते.

उपचारानंतरचे कागद

उपचार संपल्यावर रुग्णालय एक गोषवारा देते. त्यात गाठीचे स्थान, आकार, किती 'ग्रे' मात्रा दिली, किती बैठकांत दिली आणि जवळच्या दृष्टीच्या मज्जातंतूस किती मात्रा पोहोचली, हे लिहिलेले असते. तो न मिळाल्यास मागून घ्यावा. पुढे कधी पुन्हा किरण द्यावे लागले, तर नवा डॉक्टर प्रथम तोच कागद मागतो. तो नसल्यास पुन्हा किरण देणे धोक्याचे ठरते व पुष्कळदा उपचारच नाकारला जातो. एमआरआयच्या केवळ फिल्म न ठेवता सीडीही मागावी, आणि पुढील प्रत्येक तपासणीस आधीच्या सर्व सीड्या सोबत न्याव्यात. गाठ आकसली की वाढली, हे एका चित्रावरून नव्हे, दोन चित्रांच्या तुलनेवरूनच कळते. श्रवणमज्जातंतूच्या गाठीसाठी पहिली तपासणी बहुधा सहा महिन्यांनी व नंतर वर्षातून एकदा होते. रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात तीन वर्षांच्या सुमारास ॲन्जिओग्राफी करून तो बंद झाल्याची खात्री करावी लागते. त्रास काहीच नाही म्हणून ही शेवटची तपासणी पुष्कळजण टाळतात. गुंता पूर्ण बंद झाला नसेल, तर त्यालाही काही त्रास होत नसतो; तो कळतो थेट रक्तस्रावानेच. म्हणून उपचाराच्या दिवशीच तीन वर्षांनंतरची ती तारीख घरातील दिनदर्शिकेच्या मागील पानावर लिहून ठेवावी आणि दरवर्षी नवीन दिनदर्शिकेत उतरवून घ्यावी.